फरशी आधी, ओल नंतर

नातेपुत्यासारख्या बाजारपेठेच्या गावात नव्या बंगल्याखाली किंवा दुकानाच्या गाळ्याखाली तळघर काढण्याची हौस ज्यांना आहे, त्यांचे मनापासून स्वागत केले पाहिजे. जागेचे भाव वर चालले असताना माणसाने खाली जावे, हे व्यवहारी शहाणपणच आहे. त्याहूनही कौतुक करावे ते तळघराची फरशी निवडण्याच्या आपल्या रीतीचे. खड्डा खणायला जेसीबी येण्याच्या आधीच आपण अकलूजचे, फलटणचे, नाहीतर थेट पुण्याचे टाइल्सचे शोरूम गाठलेले असते. नमुन्यांचे फोटो घरच्या ग्रुपवर गेलेले असतात. सुनेला लाकडी रंग पसंत असतो, मेहुण्याला संगमरवराची झाक हवी असते, आणि ज्यांनी आयुष्यात दोन विहिरी खणल्या ते आजोबा कोपऱ्यात गप्प बसलेले असतात. फरशी ठरते, आगाऊ रक्कम दिली जाते, आणि मग कधीतरी खाली जमीन कसली आहे, पाणी किती हातांवर आहे, हे प्रश्न निघतात. बहुतेकदा निघतही नाहीत. घर वरून खाली बांधत जायला जी हिंमत लागते ती आपल्यात आहे, हे मोकळेपणाने मान्य करू या.

या रीतीला नावे ठेवणारी मंडळी आहेत. त्यांचे म्हणणे असे, की तळघरात फरशी ही सगळ्यांत शेवटी निवडायची वस्तू आहे. वरून सांडलेले पाणी पुसता येते, खालून येणारे पुसता येत नाही. काँक्रीट दिसायला कितीही घट्ट असले तरी त्यात केसाहून बारीक वाटा असतात आणि दिव्याच्या वातीत तेल चढावे तशी त्यांतून ओल वर चढते. त्यामुळे आधी ओल अडवा, मग फरशी घाला, असा त्यांचा आग्रह. आपण यावर जे उत्तर देतो ते बिनतोड आहे: आपला तालुका पडला दुष्काळी, पर्जन्यछायेतला, ज्यांनी टँकरच्या रांगा पाहिल्या त्यांना ओलीची भीती कसली घालता?

या उत्तरासाठी फक्त नीरेचा उजवा कालवा विसरावा लागतो, आणि तो विसरण्याइतके मोठे मन आपल्याकडे आहे. माळशिरस तालुक्यात पाऊस थोडा पडतो हे खरेच; पण वीर धरणाचे पाणी कालव्याने येते, उसाला पाटाने भरपूर दिले जाते, आणि पिकाला न लागलेले पाणी जमिनीत उतरून आपली पातळी आपण शोधते. चोपण झालेली, पांढरा थर धरलेली रानेही आपल्याला नवी नाहीत. नीरेच्या खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि ताम्हणे यांनी 1910 सालीच शेतकी खात्यासाठी पुस्तिका लिहिली होती. कालव्याचे पाणी आले, निचरा झाला नाही, भूजल वर आले आणि सोबत क्षार घेऊन आले, असा तो सारा प्रकार. मात्र ही पुस्तिका एक तर शंभर वर्षांहून जुनी, त्यात शेतीबद्दलची, आणि शेतातल्या पाण्याला घराची हद्द ओलांडायची परवानगी कोणी दिलेली नाही. तळघरात आपल्याला काही ऊस लावायचा नाही.

जमिनीच्या निवडीतही आपण जुन्या लोकांच्या पुढे गेलो आहोत. पूर्वी गाव वसवायचे ते पांढरीत आणि पिकवायचे ते काळीत. घराच्या पायाला पांढरी माती बरी, हे कळायला कोणाला अभियांत्रिकीची पदवी लागली नव्हती. काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा टाकते. तिच्यावर टेकलेली फरशी तिच्याबरोबर उठते आणि बसते. म्हणून काळी माती काढून टाकायची, मुरमाचा भराव घालायचा, पाणी मारून धुमसून घट्ट करायचा, वर दगडाचे सोलिंग करायचे, असा जुन्या गवंड्यांचा हट्ट असे. आता गावाबाहेरची काळी राने बिगरशेती होऊन त्यांचे प्लॉट पडले आहेत, आणि ज्या मातीत पूर्वी ज्वारी दाणा धरायची तिच्यातच आपण आठ-दहा फूट खाली उतरून राहायचे ठरवले आहे. मुरमाचे दोन ट्रक वाचले तर तेवढ्यात चांगल्या कंपनीची फरशी येते. हिशेब सरळ आहे.

तळघर ही आपल्याला नवी गोष्ट मुळीच नाही. ज्वारीची पेवे आपल्या आजे-पणज्यांनी खणली. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे तर प्रसिद्धच: तोंडाशी अरुंद, पोटात रुंद, माणूस उभा उतरेल अशी खोल. त्यांत हळद वर्षानुवर्षे राहायची, तिचा रंग उतरायचा नाही. हे सगळे एकही टाइल न बसवता, एकाही शोरूमची पायरी न चढता. याचे सारे श्रेय जागेला होते. जिथली माती पाणी झिरपू देत नाही तिथेच पेव खणायचे, नाही तर खणायचेच नाही, एवढीच त्या लोकांची अक्कल. पेव उघडले की आतली कोंदलेली हवा निघून जाईपर्यंत कोणी खाली उतरत नसे, कारण त्या हवेने माणूस दगावतो हे ठाऊक होते. अशा भित्र्या स्वभावामुळे त्यांना पेवात पाहुणे बसवता आले नाहीत, टीव्ही लावता आला नाही. पुढे 2005च्या महापुरात कृष्णेचे पाणी हरिपुरात शिरले आणि पिढ्यान्पिढ्या कोरडी राहिलेली पेवे निकामी झाली. इतकी निवडून घेतलेली जमीनसुद्धा एका पुरापुढे टिकत नसेल, तर जमीन निवडण्यात वेळ घालवायचा कशाला, हा निष्कर्ष आपण काढला. तो सोयीचा असल्याने त्याची फेरतपासणी कोणी केली नाही.

आता खर्चाचा मुद्दा. बांधकामातले जाणकार तळघरासाठी बॉक्स वॉटरप्रूफिंग सुचवतात. खड्ड्याच्या तळाशी साध्या काँक्रीटचा थर द्यायचा, त्यावर खडबडीत शहाबादी लाद्या सिमेंटच्या मालात बसवायच्या, सांधे नीट भरायचे, त्यावर आरसीसीचा राफ्ट घालायचा. मग भिंती उभ्या राहिल्या की बाहेरून पुन्हा लाद्या उभ्या लावून मधली पोकळी मालाने भरून काढायची. म्हणजे अख्खे तळघर दगडाच्या पेटीत बसवायचे. काम चांगले होते याबद्दल वाद नाही. वाद आहे तो ते दिसत नाही याबद्दल. वास्तुशांतीला आलेल्या दोनशे माणसांपैकी एकही जण भिंतीमागच्या शहाबादी लादीला हात लावून ‘काय काम केलंय!’ म्हणणार नाही. आहेर देऊन जेवायला बसणाऱ्याची नजर फरशीवर पडते आणि तिथे त्याला स्वतःचा चेहरा दिसला पाहिजे. कष्टाचा पैसा जमिनीत पुरण्यापेक्षा जमिनीवर अंथरलेला बरा, हे तत्त्व समाजाने एकमुखाने स्वीकारले आहे.

शहाबादीची गोष्ट निघाली आहे तर तिच्याबद्दल दोन कठोर शब्द बोलावे लागतील. सोलापूरच्या पलीकडे, कलबुर्गी जिल्ह्यातून येणारा हा दगड आपल्या घरांत, शाळांत, देवळांत आणि कचेऱ्यांत पिढ्यान्पिढ्या पडून आहे. स्वस्त आहे, जाड आहे, पायाला गार लागतो. ओल लागली तर फुगत नाही, कुजत नाही. खालची वाफ सांध्यांतून बाहेर पडू देतो आणि पुन्हा कोरडा होतो. एखादी लादी उचकटली तर तेवढीच काढून परत बसवता येते. चाळीस वर्षांनी घासून पॉलिश केला तर नव्यासारखा दिसतो. असा दगड घरात घातला की त्या घरात पुन्हा फरशीवर बोलायला विषयच उरत नाही. कोटा आणि कडप्पा ही त्याचीच भावंडे. स्वभावाने तशीच निमूट. तळघरासारख्या जागी खपून जाणारा, कोणालाही कसला त्रास न देणारा हा दगड आपण सोडला, यामागे काही विचार असणारच.

त्या दगडाच्या जागी आलेल्या लॅमिनेटच्या लाकडी फरशीचे गुण सांगावे तेवढे थोडे. तिच्या वरच्या थरात लाकडाचे छापील चित्र असते आणि पोटात दाबून घट्ट केलेला लाकडाचा भुसा-तंतू. ती सागवानासारखी दिसते, पण सागवान नाही. कोरड्या खोलीत वर्षानुवर्षे नीट राहते. ओल मिळाली की पोटातले तंतू पाणी पितात, फुगतात, पट्ट्यांच्या कडा वर येतात, आणि फुगलेली पट्टी वाळल्यावरही पूर्वीसारखी बसत नाही. टीकाकार याला दोष म्हणतात. मला मात्र यात प्रामाणिकपणा दिसतो. सिमेंट ओल दडवून ठेवते, रंग ओल दडवून ठेवतो, ठेकेदार तर ठेवतोच. ही बिचारी पट्टी पहिल्याच पावसाळ्यात डोके वर काढून सांगून टाकते. आपल्या सार्वजनिक जीवनात इतके स्पष्ट बोलणारे आणखी कोण राहिले आहे?

विनाइलची चादर पसंत करणाऱ्यांचेही कौतुक आहे. ती पाण्याने फुगत नाही, हे विक्रेता सांगतो आणि ते खरे असते. खालून आलेली ओल तिच्याखाली अडकते, काँक्रीटमधल्या क्षारांसह ती गोंदाला सोडवते, आणि अंधारात बुरशी वाढू लागते, हे तो सांगत नाही, कारण आपण विचारत नाही. विचारणे हे अविश्वासाचे लक्षण. व्हिट्रिफाइड टाइल तर अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, म्हणजे आपली बाजू भक्कमच. टाइलने पाणी शोषले नाही म्हणून पाणी काही परत जात नाही. ते सांध्यांकडे वळते, तिथे वाळते, आणि मागे पांढरा लोणा ठेवते. काही महिन्यांनी फरशीवर नाणे वाजवले तर एखाद्या ठिकाणी पोकळ आवाज येतो. तोवर गवंडी दुसऱ्या गावी, दुसऱ्या वास्तुशांतीच्या तयारीत असतो.

एवढे होऊनही ओल आहे की नाही याची खात्री करून घ्यावी असे ज्याला वाटेल, त्याच्यासाठी एक परीक्षा सांगितली जाते. कोब्यावर हात-दीड हाताचा प्लास्टिकचा कागद पसरायचा, चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करायच्या आणि दुसऱ्या दिवशी उघडून पाहायचे. खाली थेंब जमले असतील किंवा कोबा काळवंडला असेल, तर खालून ओल येते आहे. खर्च म्हणाल तर चिकटपट्टीचा. इतकी स्वस्त परीक्षा लोकांच्या विश्वासाला पात्र ठरत नाही, हे ओघानेच आले. नव्या काँक्रीटला ताकद यायला 28 दिवस धरतात, पण ते आतून सुकायला त्याहून पुष्कळ जास्त वेळ लागतो; साधारण एक इंच जाडीला एक महिना असा ठोकताळा आहे. पाच इंचांचा थर असेल तर पाच महिने थांबायचे. तोवर मुहूर्त निघून जातो, पंगतीची तारीख निघून जाते आणि मुंबईची बहीण सुट्टी संपवून परत जाते. काँक्रीटच्या सोयीने लग्नकार्ये चालू लागली तर समाज चालणार कसा?

आपल्या गावाला ही परीक्षा न मागता घडण्याची सोय मात्र आहे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात येते आणि तिचा मुक्काम नातेपुत्यात पडतो. त्या रात्री घराघरांत, ओसरीवर, गाळ्यांत वारकरी टेकतात. तळघर मोकळे असेल तर एखादी दिंडी तिथेही उतरते. दिवसभर चालून आलेली माणसे ताडपत्री अंथरून झोपतात आणि पहाटे ती उचलतात, तेव्हा तिच्या खालच्या अंगाला पाणी असते. घरमालक म्हणतो, माणसांचा घाम असेल. वारकरी म्हणतो, माउलींची कृपा. दोघेही हात जोडतात, दिंडी माळशिरसच्या वाटेला लागते आणि परीक्षेचा निकाल ताडपत्रीबरोबर गुंडाळून जातो. पाहुण्याने घराची उणीव बोलून दाखवू नये आणि यजमानाने ती ऐकू नये, या संस्कारावर आपले तळघर उभे आहे.

ओलीचे अर्थशास्त्रही समजून घ्यायला हवे. एकदा नीट अडवलेली ओल कोणालाच काम देत नाही. न अडवलेली ओल दर वर्षी रंगाऱ्याला बोलावते, पुट्टीवाल्याला बोलावते, पोपडे खरवडायला एक गडी लागतो, फुगलेल्या पट्ट्या बदलायला पुन्हा शोरूमला जावे लागते. रोजगार हमी ही देशाला महाराष्ट्राने दिलेली कल्पना. घरोघरी ती स्वखर्चाने राबवणारे नागरिक आपणच. घरातल्या माणसांचेही त्यात भले होते. तळघरात झोपणाऱ्या म्हातारीला खोकला लागला तर डॉक्टरांकडे एक फेरी होते. कपाटातल्या जुन्या सातबाऱ्याला, लग्नाच्या शालूला, मुलांच्या प्रमाणपत्रांना बुरशी धरली, की नको असलेले सामान आपोआप निघून जाते. कुबट वासासाठी उदबत्ती आहेच; संध्याकाळी तिचा धूर पसरला की तळघराला देवघराची कळा येते.

कायदा या बाबतीत फार कोता आहे. 2016ची राष्ट्रीय इमारत संहिता सांगते, की तळघराच्या भिंती आणि तळ पाणी न झिरपणारे असावेत, भोवतालच्या मातीचा आणि ओलीचा विचार करून त्यांची रचना करावी, पृष्ठभागावरचे पाणी आत येणार नाही अशी व्यवस्था असावी, छताची उंची किमान 2.4 मीटर असावी आणि छत भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान 0.9 मीटर वर असावे. या सगळ्यात फरशीच्या रंगाबद्दल एक अक्षर नाही. ज्यांनी ही संहिता लिहिली त्यांनी आपल्यासारखी घरे पाहिलेली दिसत नाहीत. रस्ता दर डांबरीकरणाला थोडा वर येतो आणि घराचे जोते जिथल्या तिथे राहते, त्यामुळे 0.9 मीटरचे काही वर्षांत किती उरते, याचाही त्यांनी विचार केलेला नाही. तो आपणही केलेला नाही, पण आपण निदान संहिता लिहायला गेलो नाही.

तळघराचा सर्वांत उदात्त उपयोग अभ्यासिकेसाठी होतो. गावोगावची मुले स्पर्धा परीक्षांच्या मागे लागली आहेत, त्यांना शांत जागा हवी असते, आणि जमिनीखाली शांतता भरपूर असते. चकचकीत फरशी, रांगेने टेबले, भिंतीवर घोषवाक्ये, पालकांना आणखी काय पाहिजे? 27 जुलै 2024 रोजी दिल्लीच्या जुन्या राजिंदर नगरात अशाच एका तळघरातल्या वाचनालयात पावसाचे पाणी शिरले आणि तीन विद्यार्थ्यांचा जीव गेला. त्या तळघराला परवानगी वाहने आणि सामान ठेवण्याची होती, मुले बसवण्याची नव्हती. पुढे चौकशा झाल्या, अटका झाल्या, देशभर चर्चा झाली. त्या चर्चेत पाण्याच्या निचऱ्याबद्दल पुष्कळ बोलले गेले. आत मुलांना बसवताना फरशी कोणती घातली होती, हे कोणीही विचारले नाही. ज्या प्रश्नाला आपण पहिले स्थान देतो, तो तिथे शेवटीही आला नाही.

म्हणून नातेपुते नगरपंचायतीला एक विनंती. तळघराच्या परवानगीच्या अर्जात जमिनीचा प्रकार, भूजलाची पातळी, निचऱ्याची व्यवस्था, पंप बसवण्याची जागा असले रकाने पुढे कोणी घालू पाहील. त्यांच्या आधी फरशीचा रंग विचारणारा रकाना असावा, म्हणजे अर्जाचा क्रम आपल्या व्यवहाराच्या क्रमाशी जुळेल. मुरूम, सोलिंग, प्लास्टिकचा कागद आणि पाच महिन्यांची वाट ही कामे ज्यांना हौस आहे त्यांनी करावीत. आणि ज्यांनी लाकडी रंग पसंत करून आगाऊ रक्कम भरली आहे, त्यांनी येत्या भाद्रपदात शेजारच्या विहिरीत डोकावू नये. तिथे पाणी ज्या उंचीवर दिसेल, साधारण त्याच उंचीवर ते तळघराच्या भिंतीबाहेरही उभे असते.